विंचवाचं बिऱ्हाड, एमएच चौदा

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला नवी गाडी दाखवून बघा. तो रंगाकडे बघत नाही, मायलेज विचारत नाही. दार उघडतो, लावतो, परत उघडतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि म्हणतो, "बिजागरी आपल्या भोसरीतली." बिजागरीवरून वेंडर ओळखायचा, वेंडरवरून त्याला ऑर्डर देणारा परचेसवाला, आणि परचेसवाल्याचं नाव निघालं की त्याच्या मुलीच्या लग्नात मठ्ठा कमी पडला होता तो विषय. गाडी बिचारी तशीच उभी राहते, दार उघडं टाकून.

निगडी-आकुर्डीपासून भोसरी, मोशी करत चाकणपर्यंतचा हा पट्टा देशाला गाड्या पुरवतो. ट्रक, मोटरसायकली, जर्मन मोटारी, सगळं इथे तयार होतं. एवढं असून इथला माणूस मजा म्हणून गाडीत फारसा बसत नाही. तो गाडीत बसतो ते चाकणच्या तळेगाव चौकात अडकायला. तिथे मात्र भरपूर बसतो.

आमच्या सोसायटीत माणसाला आडनावाच्या आधी डिपार्टमेंट चिकटतं. क्वालिटीवाले, परचेसवाले, टूल रूमवाले. मी मेंटेनन्सवाला, म्हणजे काही बिघडल्याशिवाय माझी कुणाला आठवण येत नाही. भोसरीत स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांची बँक तेवढी म्हणत नाही.

तर परचेसवाल्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने बायको-पोरांना घेऊन ओरेगॉनच्या किनाऱ्याने आरव्हीतून प्रवास केला आणि फोटो पाठवले. एका अंगाला उंचच उंच झाडांचं जंगल, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक, मध्ये पांढरीशुभ्र, घर पोटात घेतलेली गाडी आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलेला मुलगा. मुलगा काहीच करत नव्हता. काहीही न करता बसलेला माणूस बघायची आमच्यापैकी कुणालाच सवय नसल्यामुळे तो फोटो बराच वेळ झूम करून तपासला गेला.

"आपल्याकडे काय कमी आहे?" शेठ म्हणाले. "सह्याद्री आहे, जंगल आहे, समुद्र आहे. गाडी तेवढी नाही. आणि गाडी काय हो, आपण बनवतोच की."

झालं. जॉब कार्ड उलटं करून शेठनी चित्र काढायला घेतलं. जुनी ट्रॅव्हलर उचलायची, आतल्या सीटा काढून टाकायच्या. ट्रॅव्हलर म्हणजे घरचीच. कंपनी आकुर्डीची. तिचं बजाज टेम्पो हे नाव जाऊन २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडातून 'टेम्पो' काही गेला नाही. भारतात भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनही पुष्कळदा याच गाडीवर बांधलेल्या असतात. ओटा इथे, सिंक इथे, झोपायला वर-खाली बर्थ, भिंतीत पीयू फोम, वरून पत्रा, पावडर कोटिंग ओळखीत. टूल रूमवाल्यांनी चष्मा वर केला आणि टॉलरन्स किती धरायचा म्हणून विचारलं.

"कशाचा?"

"बर्थचा."

"अहो, माणूस झोपायचाय त्याच्यावर. बेअरिंग बसवायचं नाहीये."

पण हे सगळं क्वालिटीवाल्यांनी जागच्या जागी रिजेक्ट केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणी झालेल्या गाडीत आपल्या मर्जीने असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. शिवाय मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. आणि त्याची तपासणी करणारी एआरएआय कुठे लांब दिल्लीत नाही, इथे वेताळ टेकडीवर बसलीय, चाकणलाही तिचं केंद्र आहे. म्हणजे नियम मोडायचा तर तो नियम करणाऱ्यांच्या दारावरूनच मोडायला लागणार. शेठनी जॉब कार्ड घडी करून खिशात ठेवलं. ते चित्र पुढे त्यांनी एका फूड ट्रकवाल्याला विकलं, असं ऐकतो.

मग भाड्याची कॅराव्हॅन घ्यायचं ठरलं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलंय, त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, पार्कात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय अशी सगळी कल्पना आहे. धोरण वाचून आम्हाला फार बरं वाटलं. कागद नीट असला की या पट्ट्यातल्या माणसाचं निम्मं काम झालेलं असतं.

उरलेलं निम्मं आम्ही क्लब हाऊसमध्ये करायला घेतलं.

क्वालिटीवाल्यांनी लॅपटॉप उघडला आणि सहलीचं एफएमईए मांडलं. ज्यांना हे ठाऊक नाही ते सुखी आहेत. कुठला भाग कसा फसू शकतो याची यादी करायची. मग फसला तर किती वाईट, फसण्याची शक्यता किती आणि वेळीच कळणं किती अवघड, अशा तीन गोष्टींना एक ते दहा गुण द्यायचे आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. आकडा मोठा आला की त्याच्यावर आधी तोडगा. मोटारीच्या ब्रेकसाठी हे ठीक आहे. आमच्या तक्त्यातली पहिलीच ओळ होती : 'घाटात गाडी लागणे.' तीव्रता आठ. वारंवारता दहा, कारण टूल रूमवाल्या वहिनींना लोणावळ्यापर्यंतही पिशवी लागते. तिसऱ्या रकान्यावर वाद झाला. कळतं लगेच, म्हणून एक गुण द्यावा, असं माझं मत. क्वालिटीवाले म्हणाले, कळून उपयोग काय, तोवर झालेलं असतं. दहा दिले. गुणाकार आठशे. ब्रेक फेल होण्याला आमच्या तक्त्यात तीनशेही मिळाले नाहीत.

मला राहून राहून वरसईच्या गोडसे भटजींची आठवण येत होती. पेणजवळच्या वरसईहून हे विष्णुभट निघाले ते उत्तर हिंदुस्थानात. १८५७ च्या बंडात सापडले, झाशीत अडकले, लुटले गेले आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. वर 'माझा प्रवास' लिहून ठेवला. ते निघण्याआधी कुणी वारंवारता आणि तीव्रतेचा गुणाकार केला असता, तर मराठी वाङ्मय एका चांगल्या पुस्तकाला मुकलं असतं.

तारीख ठरवणं हा वेगळाच अध्याय. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेची वाटणी करायला कधीकाळी पडलेली पद्धत. त्यामुळे शेठ गुरुवारी मोकळे. चाकणला आमची कंपनी रविवारी बंद. परचेसवाल्यांची इथली सून हिंजवडीला, तिला शनिवार-रविवार, पण तिचा फोन चोवीस तास. टूल रूमवाल्यांच्या मुलाची सेकंड शिफ्ट. अख्ख्या वर्षात या सगळ्यांचा एकत्र मोकळा काळ एकच निघतो, तो म्हणजे दिवाळीचा शटडाऊन; आणि त्या आठवड्यात कोकणात पाय ठेवायला जागा नसते, कारण उरलेल्या पट्ट्यानेही हाच हिशेब केलेला असतो. शेवटी दिवाळी टाळून पुढे एक अष्टमी धरली. ती अष्टमी आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रजेचा अर्ज तारखेवर असतो.

मार्गावर मात्र एकमत झालं. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागायचं, मुळशीच्या पाण्याकडेने ताम्हिणी उतरायची, निजामपूर, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. पुढे दिघीला फेरीबोटीत गाडी चढवून आगरदांड्याला उतरायचं, मुरूड, आणि तिथून फणसाड. फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथे शेकरू दिसतं. काशीदचा समुद्र तिथून हाकेवर. जंगल आणि किनारा असा लागून ओरेगॉनवाल्यांनाही दाखवता येईल. ताम्हिणीबद्दल तर मी काही बोलतच नाही. पावसाळा सरल्यावरही तिथल्या झाडीत शिरलं की एमआयडीसीने भरलेली छाती रिकामी होते. अडचण एकच. चाकणहून चांदणी चौकापर्यंत यायला लागणारा वेळ वेगळ्या ओळीत लिहावा लागला, आणि तो घाटाच्या वेळेपेक्षा जास्त निघाला.

क्वालिटीवाल्यांची खरी काळजी होती ती फेरीबोटीची. कॅराव्हॅनला मागच्या चाकामागे लांब शेपूट असतं. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार तीव्र होतो, पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढतात, आणि त्या शेपटाची खालची कड काँक्रीटला घासते. नेमका तिथेच सांडपाण्याचा नळ. हे समजावून सांगायला त्यांनी क्लब हाऊसच्या टेबलावर एक वही तिरकी धरली आणि तिच्यावरून नातवाची खेळण्यातली बस चढवली. बस घासली. सगळे गंभीर झाले.

आणि सांडपाणी म्हटल्यावर टाकीचा विषय निघायचाच होता. गाडीत संडास आहे, संडासाखाली टाकी आहे, टाकी दोन दिवसांत भरते. ओरेगॉनला ती रिकामी करायची जागोजाग केंद्रं असतात म्हणे. इथे दिवेआगरात कुणाच्या तरी सेप्टिक टँकशी गोड बोलूनच भागवावं लागणार. बोलण्याचं काम परचेसवाल्यांकडे गेलं, वाटाघाटीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण तक्त्यात पुढचा रकाना होता, 'प्रत्यक्ष जबाबदार व्यक्ती.' क्लब हाऊसमधला पंखा किती आवाज करतो ते मला त्या दिवशी कळलं. मेंटेनन्सवाला म्हणून चार-पाच नजरा माझ्याकडे वळल्या. मी स्पष्ट सांगितलं की ही ब्रेकडाऊन नाही, हे रुटीन आहे, आणि रुटीन प्रॉडक्शनने करायचं असतं. शेवटी टूल रूमवाल्यांच्या नव्या जावयाचं नाव एकमताने टाकण्यात आलं. जावई त्या बैठकीला नव्हते.

पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याची मात्र कुणाला भीती वाटली नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय. मोजक्या पाण्यात आंघोळ, त्याच पाण्यात कपडे आणि उरल्यास कुंड्या, हे प्रशिक्षण आमच्या घराघरात पूर्ण झालेलं आहे. आरव्हीवाल्या परदेशी लोकांना जे शिकायला पुस्तकं वाचावी लागतात, ते आमच्याकडे पाचवीतल्या पोराला येतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्येच एक नोटीस लावली : 'पार्किंगमध्ये कोणीही घर आणू नये.' गाडी निघायच्या आदल्या रात्री येणार होती, तीही काही तासांसाठी. पण घर आत आलं तर त्याला मेंटेनन्स लावायचा का, चौरस फुटांवर की चाकांवर, असा प्रश्न कुणीतरी काढला, आणि त्यावर वेगळी सभा बोलवायचं ठरलं.

खरा दणका स्वयंपाकघराने दिला. आम्ही मोठ्या हौसेने गाडीचा आतला नकाशा घरी दाखवला. दोन शेगड्या, छोटा फ्रीज, घडीचा ओटा, वर कपाटं.

माझी बायको बराच वेळ नकाशा बघत होती. "म्हणजे पोळ्या मीच लाटायच्या," ती म्हणाली, "फक्त इथे लाटते त्या म्हसळ्यात लाटायच्या. आणि ओटा याच्या निम्मा."

"बाहेर समुद्र दिसेल ना खिडकीतून."

"खिडकी ओट्याच्या मागच्या बाजूला आहे. मला भिंत दिसेल. समुद्र तुम्हाला दिसेल, खुर्चीत."

क्वालिटीवाल्या वहिनींनी याहून सरळ प्रश्न विचारला. कोकणात रस्त्याने जाताना दर दुसऱ्या फाटकावर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी असते. सकाळी पोहे, दुपारी मासे, संध्याकाळी मोदक सांगितले तर मोदक. तिथे आपलं घर ओढत न्यायचं कारण काय? यावर आमच्यातल्या प्रत्येकाने काहीतरी सांगून पाहिलं. स्वातंत्र्य. कुठेही थांबता येतं. आता कुठेही म्हणजे कुठे? अभयारण्यात परवानगीवाचून रात्री थांबू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पुळणीवर गाडी उतरवली तर वाळूत रुतते, मग भरतीआधी ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं, काशीद-नागावकडच्या लोकांना या तमाशाची इतकी सवय झालीय की ते आता बघायलाही येत नाहीत. मग उरलं काय? कुणाच्या तरी वाडीचं अंगण. म्हणजे पाटीवाल्याच्याच दारात जायचं, त्याचं पाणी, त्याची वीज, त्याचा सेप्टिक टँक घ्यायचा, आणि झोपायला मात्र आपल्या डब्यात.

मला यात थोडी लाजही वाटते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्टीवर आपटलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ लावली की फळाला येईपर्यंत कित्येक वर्षं थांबावं लागतं. त्या मधल्या वर्षांत त्या घरांना आधार कशाचा, तर परसातल्या दोन खोल्यांचा. तिथे आम्ही आमची खोली घेऊन निघालो होतो.

परचेसवाल्यांना असलं काही वाटत नाही. त्यांनी दिवेआगरच्या एका काकूंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि अंगणाचा भाव विचारला.

"अंगणाचा?" काकू म्हणाल्या. "अंगणाचा कसला भाव? लावा की गाडी. पण गाडीत का झोपता? खोल्या आहेत आमच्याकडे."

"नाही काकू, आमची गाडीच खोलीची आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. शहरातल्या माणसांशी फार वाद घालू नये, हे त्यांना चांगलं ठाऊक असावं. एवढंच विचारलं, "उंच आहे का? फाटकावर फणसाची फांदी आलीय खाली. आणि वायरी." क्वालिटीवाल्यांनी लगेच तक्त्यात नवी ओळ घातली. छतावर एसी धरून उंची तीन मीटरच्या आसपास जात होती.

"काकू, त्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा सांगता येतील का? दिघीला बोटीत गाडी चढवायची आहे. तक्ता असेल तुमच्याकडे?"

"तिथी सांगा."

"अं?"

"येताय त्या दिवशी तिथी काय? थांबा, कालनिर्णय बघते. अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. बाराच्या सुमाराला ओहोटी. पण अष्टमी म्हणजे भांगाची भरती हो, पाणी फार वर पण यायचं नाही नि फार खाली पण जायचं नाही. पुनवेला-अमावास्येला आलात तर बघा, उधाणाचं पाणी धक्का सोडून जातं. तुमच्या गाडीला अष्टमीच बरी."

क्लब हाऊसमध्ये सगळे क्वालिटीवाल्यांकडे बघू लागले. त्यांनी इंटरनेटवरून काढलेला भरतीचा तक्ता उघडला, बोट लावून ओळ शोधली, आणि काही न बोलता फेरीबोटीच्या ओळीतला मोठा आकडा खोडून लहान केला. चेहऱ्यावरून दिसत होतं, काकूंकडे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागायची त्यांना अनावर इच्छा होत होती.

यानंतर सगळं भराभर ठरलं. गाडीच्या मालकाला ॲडव्हान्स गेला, जेवढे बर्थ तेवढी माणसं असा हिशेब बसला, शेठनी घडीच्या खुर्च्या वर्कशॉपात करून घेतल्या (प्रत्येकी चौदा किलो, पण हत्ती बसला तरी मोडायच्या नाहीत). जावयांनी कंपनीचं अर्जंट काम काढलं, तेव्हा त्यांच्या रकान्यात माझं नाव आलं.

मग मालकाने अटींचा कागद पाठवला. गाडी ड्रायव्हरसकटच मिळेल. ड्रायव्हरची राहण्या-जेवणाची व्यवस्था पार्टीने करायची. ड्रायव्हर गाडीत झोपणार नाही.

"बरोबरच आहे," टूल रूमवाले म्हणाले. "तसाही बर्थ नाही त्याला."

परचेसवाल्यांनी परत दिवेआगरला फोन लावला.

"काकू, एक खोली लागेल. एकाच माणसाला. ड्रायव्हरसाठी."

"देते की. समुद्राच्या बाजूची मोकळी आहे, एसीची. गरम पाणी सकाळी साडेसहाला देऊ ना? जेवायला काय, सुरमई चालेल त्यांना? सोबत तांदळाची भाकरी, सोलकढी. मोदक करू का?"

परचेसवाल्यांनी आमच्याकडे बघितलं. कुणी मान वर केली नाही.

"चालेल," ते म्हणाले. "करा."

"आणि तुम्हा मंडळींचं?"

क्वालिटीवाल्यांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. परचेसवाल्यांनी चष्मा लावून ओळ वाचली.

"आमचं आम्ही करणार आहोत काकू. पिठलं-भात."